एनजीके बीआर८एचएस स्पार्क प्लग आणि मिकुनीचं ओरिजिनल कार्ब्युरेटर किट: प्लगला पाच स्टार, मला दोन

आधीच सांगतो, प्लग चांगला आहे. एप्रिल ते जून मी याच्या चार जोड्या घेतल्या आणि चारही वेळा प्लगलाच शिव्या घातल्या, त्या सगळ्या परत घेतो.

गाडी म्हणजे २००६ ची यामाहा सुपरजेट, पाण्यावरची जेट स्की, उभं राहून चालवायची ती, सीट-बिट काही नाही, ७०१ सीसी टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर आणि प्रत्येकाला एक असे दोन मिकुनी कंपनीचे ३८ एमएमचे कार्ब, म्हणजे कार्ब्युरेटर. गेल्या हिवाळ्यात कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोजवळ एकाच्या गॅरेजमधून सेकंडहँड उचलली. टाहो तलावाला घेऊन जायचं स्वप्न होतं ते तिथेच मेलं, कारण तिथे १९९९ पासून कार्ब्युरेटरवाले टू-स्ट्रोक चालतच नाहीत, म्हणून मग इथल्या नद्यांचा डेल्टा. विकणाऱ्याने सांगितलं कार्ब नुकतेच "रिबिल्ड" केलेत. केले होते खरंच, फक्त कशाने केले ते नंतर कळलं.

पाण्यात उतरवली की पहिली दहा मिनिटं झकास. मग हळू चालवून एकदम थ्रॉटल दाबला की भऽऽऽ करून बसायची, नाक खाली, मी पाण्यात. प्लग काढला तर काळा आणि ओला. नवीन टाकला की परत दहा मिनिटं झकास. म्हटलं प्लगच खराब लॉटचे असणार. बायको म्हणाली प्लग म्हणजे काय रोजचं दूध आहे का, दर शनिवारी आणायला?

बरं प्लग घेताना पण मी एक घोळ घातलाच, तो सांगतो म्हणजे तुमचे पैसे वाचतील. एकदा घाईत उचलला तो बीआर८एचएस-१०. शेवटचं ते -१० म्हणजे फॅक्टरीतून गॅप, म्हणजे ठिणगी पडते ती फट, १ एमएम येते, आणि सुपरजेटला ०.६ ते ०.७ हवी. गेज लावून कमी करता येते पण आधी बघायला हवं ना, मी तसाच फिट केला. दुसरं, एच आणि ई मधला फरक. एच म्हणजे आट्यांची लांबी १२.७ एमएम, ई म्हणजे १९. माझ्या मित्राच्या कावासाकीला बीआर९ईएस लागतो, त्याच्या डब्यातला एक उसना घेऊन मी हेडमध्ये बसवणारच होतो, तो म्हणाला भावा थांब, पिस्टनवर आदळेल. दोन प्लग शेजारी धरले तेव्हा दिसलं, सहा एमएमहून जास्त फरक. आकडा आठ की नऊ हे मात्र उलटं लक्षात ठेवायचं, एनजीकेमध्ये आकडा जेवढा मोठा तेवढा प्लग थंड. प्लग ओला होतोय म्हणून लोक ७ टाकतात, गरम प्लग काजळी जाळतो हे खरं, पण फुल थ्रॉटलला तोच गरम प्लग पिस्टनला भोक पाडायची तयारी करतो. मी ८ वरच राहिलो, एवढी एक अक्कल शाबूत होती. इरिडियमच्या नादी लागू नका असं माझं मत, जी गाडी प्लग ओले करतेय तिला महागडे प्लग ओले करायला देऊन काय मिळणार.

शेवटी सांगलीला मामांना फोन लावला. मामांनी तीस वर्षं स्कूटरी आणि आरएक्स १०० उघडल्यात, जेट स्की जन्मात बघितली नाही. सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "दोन्ही प्लग सारखेच काळे आहेत का रे?"

मी बघितलंच नव्हतं. काढले की एकाच फडक्यात टाकायचो. त्या शनिवारी नवीन जोडी घातली, लांब सरळ पट्टा फुल थ्रॉटल मारला, तसाच स्टॉप दाबला, आणि तरंगत तरंगत काठाला येऊन पेपर टॉवेलवर दोन्ही शेजारी ठेवले. पुढचा, चिनी मातीच्या बुडाशी चहात बुडवलेल्या ग्लुकोजच्या बिस्किटासारखा. मागचा, डांबर, कडेला पेट्रोलचा थेंब. प्लग एकाच डब्यातले, पेट्रोल एकाच टाकीतलं, ५० ला १ ऑइल पण तेच. मग फरक उरतो तो मागच्या कार्बचा.

मामा म्हणाले, "मग प्लगचे पैसे मला पाठवले असते तर बरं झालं असतं."

मागचा कार्ब उघडला. यात फ्लोट नसतो, गाडी उलटीपालटी होते म्हणून डायफ्रॅम, म्हणजे रबरी पडदा असतो, तो हलला की छोटी तरफ दबते, सुई उचलते आणि पेट्रोल आत येतं. तर तो डायफ्रॅम वाळलेल्या पापडासारखा कडक, आणि सुई तिच्या सीटवर बसतच नव्हती. हातपंप आणि गेज लावून बघितलं, प्रेशर टिकायलाच तयार नाही, काटा आपला खाली घसरतोय. ऑनलाइन मिळणारं कुठलं तरी स्वस्त किट होतं ते, नाव घेत नाही. इथल्या पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असतं, ते हिवाळाभर कार्बमध्ये बसलं की असल्या रबराची वाट लागते. (भारतात आता २० टक्के आहे, तिकडे कोणाकडे जुनी टू-स्ट्रोक असेल तर डायफ्रॅम आणि नळ्या बघाच. शिवाय इथेनॉल वाढलं की कार्बच्या त्याच जेटवर (पेट्रोलच्या भोकावर) मिक्श्चर लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, आणि टू-स्ट्रोकमध्ये लीन म्हणजे सीझ, इंजिन जाम.)

मग मिकुनीची ओरिजिनल दोन किट मागवली, त्या स्वस्त किटच्या जवळजवळ तिप्पट पैसे. डायफ्रॅम हातात घेतल्यावरच फरक कळतो, मऊ, बोटाला चिकटल्यासारखा. सुई-सीट दोन्ही कार्बची बदलली, आतली बारीक जाळी धुतली, पेट्रोलच्या नळ्या पण बदलून टाकल्या. गेज लावलं, काटा जागेवर. एक स्टार कापतोय कारण माझ्या पाकिटात कागद नावालाच होता, कुठली गॅस्केट कुठे ते जुन्याशी जुळवत बसलो, संध्याकाळ गेली.

कार्बच्या स्क्रूचं एक राहिलं, आणि इथे आरएक्सवाल्यांनी जपा. आपल्याकडे आरएक्सला तो हवेचा स्क्रू, बाहेर काढला की लीन. इथे लो आणि हाय दोन्ही पेट्रोलचे स्क्रू, बाहेर काढला की रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. मी पहिल्या दिवशी सवयीने उलटं पिळत होतो आणि गाडी अजून का बिघडतेय म्हणून डोकं खाजवत होतो. हलक्या हाताने पूर्ण बंद करायचा, दाबून नाही, टोक खराब होतं, आणि तिथून आटे मोजायचे. सुरुवात मॅन्युअलमधल्या आकड्यापासून. लो आयडलला आणि सुरुवातीच्या थ्रॉटलला, हाय वरच्या टोकाला. हाय नेहमी रिचकडून आणायचा, एका वेळी पाव आट्याच्या निम्मं, परत पट्टा मारायचा, परत प्लग बघायचा. आणि हे सगळं पाण्यातच, ट्रेलरवर काही सेकंदांपेक्षा जास्त चालवायची नाही, थंड करायला पाणीच नसतं तिथे. माझी शेवटी लो सव्वा आणि हाय पाऊण आट्यावर बसली, तुमची तिथेच बसेल असं नाही, थंडीत हवा दाट होते तेव्हा मलाही परत थोडी रिच करावी लागणार.

आठ आठवडे झाले, तीच जोडी आत आहे, दोन्ही बिस्किटाच्या रंगाचे. जुन्या चार जोड्या डब्यात पडून आहेत, धुऊन वाळवून ठेवल्यात, बहुतेक सगळे चांगलेच असणार, बे एरियात कोणाला हवे असतील तर घेऊन जा. त्यातल्या -१० वाल्यांची गॅप तेवढी आधी बघून घ्या.