इंजिनच्या कामानंतर एसी बंद: जुन्याच मेकॅनिककडे जावं की एसीवाल्याकडे?

इंजिन उतरवून दुरुस्त झालं, गाडी छान पळतेय, पण एसीतून नुसती साधी हवा येतेय. अशा वेळी बरेच जण थेट एसीवाल्याकडे जाऊन गॅस भरून मोकळे होतात. थोडं थांबा. कोणाकडे जायचं हे एका प्रश्नावर ठरतं: काम करताना एसीचे पाइप उघडले होते का?

नसतील, तर इंजिनवाल्याकडेच परत जा. पुष्कळदा कॉम्प्रेसर (एसीचा गॅस दाबून फिरवणारा पंप) पाइपांसकट सोडवून बाजूला बांधून ठेवतात, म्हणजे गॅस आत शाबूत असतो. मग बिघाड बहुधा वायरिंगचा निघतो: कॉम्प्रेसरचा किंवा गॅसचा दाब बघणाऱ्या प्रेशर स्विचचा कपलर (वायरींचा प्लग) लावायचा राहिलेला, अर्थिंगची वायर सुटी, नाहीतर फ्यूज उडालेला. रेडिएटर फॅनचा किंवा कूलंट सेन्सरचा कपलर राहिला, तरी इंजिन तापेल म्हणून ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) कॉम्प्रेसर चालू होऊ देत नाही. हे सगळं त्याच्याच हातून सुटलेलं असतं. त्याला ते लवकर सापडतं आणि त्याचे वेगळे पैसे मागायला त्याला तोंड नसतं.

घरीच एक खात्री करता येते. बॉनेट उघडा, इंजिन चालू ठेवून कुणाला तरी एसी लावायला सांगा. कॉम्प्रेसरची पुली बेल्टबरोबर कायम फिरते. तिच्या पुढची चकती, म्हणजे क्लच, मात्र एसी लावल्यावर ‘टक’ आवाज होऊन फिरू लागते. ती हललीच नाही, तर क्लचपर्यंत करंट पोचत नाहीये किंवा गॅस कमी असल्याने प्रेशर स्विचने अडवलंय. हात आणि ओढणी बेल्टपासून लांब ठेवा. काही नव्या गाड्यांत क्लचच नसतो, तिथे ही युक्ती चालत नाही.

पाइप उघडले असतील, तर मात्र मी एसीवाल्यालाच निवडेन, चार पैसे जास्त गेले तरी. गॅस भरणं हे त्यातलं सर्वांत सोपं काम. त्याआधी ओ-रिंग (जोडातल्या रबरी कड्या) नव्या टाकायच्या, नायट्रोजनने गळती तपासायची, निदान अर्धा तास व्हॅक्यूम ओढून आतली हवा आणि ओल काढायची. पाइप बरेच दिवस उघडे पडले असतील तर ओल शोषलेला ड्रायरही बदलायचा. गॅस बॉनेटखालच्या स्टिकरवरच्या वजनाप्रमाणे काट्यावर मोजून भरायचा. नुसत्या गेजवर भरणाऱ्यापासून सावध राहा. एसी बंद असताना 30 अंश तापमानाला आर-134ए या नेहमीच्या एसी गॅसचं गेज साधारण 97 पीएसआय दाखवतं, आणि आत थोडा जरी द्रव गॅस शिल्लक असला तरी आकडा तोच, म्हणजे गॅस किती आहे ते त्यावरून कळत नाही. नव्या गाडीत आर-1234वायएफ हा गॅस असेल तर आणखी जपा. तो थोडा ज्वलनशील असतो, त्यात आर-134ए मिसळायचा नाही.

खरी डोकेदुखी जबाबदारीची. दोघे एकमेकांकडे बोट दाखवतात. म्हणून एसीवाल्याकडून पैसे देण्याआधी गळती नेमकी कुठल्या जोडावर आहे ते लिहून घ्या, फोटो काढा. कंडेन्सरला (रेडिएटरपुढच्या एसीच्या जाळीला) ठोका बसला असेल किंवा पाइप मुरगळला असेल, तर तो खर्च इंजिनवाल्याकडे मागायला आधार मिळतो.

आणि पाइप उघडले होते की नाही, याचं सरळ उत्तर मिळत नसेल तर जोड स्वतःच बघा. नटांवर पान्याचे ताजे ओरखडे दिसतात का, जोडाभोवती तेलकट ओलसर थर आहे का? गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही फिरत असतं, त्यामुळे गळतीच्या जागी ते पाझरून धूळ चिकटवतं.