६० दिवसांचा प्रोग्राम मला ७ महिने पुरला

आधी आकडे देऊन टाकतो, म्हणजे ज्यांना तेवढंच हवंय त्यांचा वेळ वाचेल. वजन ८६.४ वरून ७९.१ किलो. कंबर बेंबीच्या रेषेत ९९ सेंटिमीटरची ९० झाली. सकाळी अंथरुणातली नाडी ८२ होती, आता ६६ च्या आसपास असते. पोटावर सहा वड्या आल्या नाहीत. दोनही नाहीत. आणि प्रोग्रामवर ६० दिवस लिहिलंय ते मला दिवाळीनंतर सुरू करून संपवायला कर्नाटकी बेंदूर (ज्येष्ठातला बैलांचा सण) उजाडला.

प्रोग्रामचं नाव देत नाही. असले प्रोग्राम विकणारे बरेच आहेत आणि साचा सगळ्यांचा जवळपास एकच. घरात करायचे व्हिडिओ, आठवड्यात सहा दिवस, उपकरण काही लागत नाही, पहिला महिना रोज ४० मिनिटं, मध्ये एक हलका आठवडा, दुसरा महिना जवळजवळ तासभर. दर १५ दिवसांनी फिट टेस्ट, म्हणजे एका मिनिटात अमुक उड्या किती, जोर किती, ते मोजून लिहायचं. सोबत आहाराची एक पुस्तिका.

माझं वय ४२, उंची १७१ सेंटिमीटर. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात छोटं मशीन शॉप आहे. म्हणजे मशीनवर पोरं उभी असतात, मी खुर्चीत बसून कोटेशन करतो आणि चहा पितो. घर शिवाजी पेठेत, जुनं, वर लाकडी माडी. हे सांगायचं कारण लगेच कळेल.

पहिल्या दिवशी सकाळी सहाला माडीवर टीव्ही लावला आणि उड्या मारायला लागलो. चौथ्या मिनिटाला खालून वडिलांची हाक आली. "आरं, काय कराय लागलाईस वर? च्यात माती पडली की!" तक्तपोशीच्या फटीतून पन्नास वर्षांची धूळ सरळ त्यांच्या कपात. जाहिरातीत लिहिलंय की फक्त सहा बाय सहा फूट जागा पुरे. जागा पुरते, पण खाली काय आहे ते विचारलेलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मागच्या बाजूच्या स्लॅबवर गेलो. उद्यमनगरातूनच १२ मिलीमीटर जाडीची रबर शीट कापून आणली आणि ती अंथरली. या सगळ्या खटाटोपात पैसे वसूल झालेली वस्तू कुठली असेल तर ती रबर शीट. कोऱ्या स्लॅबवर किंवा शहाबादी फरशीवर उड्या मारू नका. योगा मॅटचा उपयोग शून्य, घाम आला की ती सरकते.

आता व्यायामाबद्दल. पहिला आठवडा जिना उतरताना कठडा धरून उतरत होतो. नवीन व्यायामानंतर अंग दुखतं ते एक ते तीन दिवसांत सगळ्यात जास्त असतं, मग ओसरतं, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घाबरून सोडू नका. मात्र दुखणं विचित्र वाढलं, स्नायू सुजले आणि लघवी कोऱ्या चहासारखी झाली तर तो हट्टाचा विषय नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. अति व्यायामाने स्नायू तुटून त्याचा भार मूत्रपिंडावर येतो. मला तसं झालं नाही. पण चाळिशीच्या पुढच्याने आधी बीपी आणि ईसीजी करून घ्यावा, हे पुस्तिकेत अगदी बारीक अक्षरात छापलंय. ते मोठ्या अक्षरात हवं होतं.

माझी खरी तक्रार वेळेच्या हिशोबाबद्दल आहे. १९९६ साली जपानच्या इझुमी ताबाता यांनी जो प्रयोग प्रसिद्ध केला, ज्याच्या नावावर आज निम्मे व्हिडिओ खपतात, त्यात २० सेकंद जीव तोडून आणि १० सेकंद थांबायचं असं होतं. सात-आठ फेऱ्या, चार मिनिटांत खेळ खलास. तो सायकलवर होता आणि करणारे शारीरिक शिक्षणाचे तरुण विद्यार्थी होते, बहुतेक खेळाडूच. आमच्या प्रोग्रामात तीन मिनिटं सलग आणि ३० सेकंद विश्रांती. तीन मिनिटं कुणीही पूर्ण ताकद लावू शकत नाही. पहिलं मिनिट बरं जातं, दुसऱ्यात कंबर वाकते आणि तिसऱ्यात माणूस गुडघ्यावर नुसता आदळत असतो. मशीनवर टूल बोथट झाल्यावर फीड, म्हणजे टूल पुढे सरकायचा वेग, वाढवला तर जॉबची जी वाट लागते, तेच.

तिसऱ्या आठवड्यात डावा गुडघा गेला. जिना उतरताना वाटीच्या मागे कळ यायची. २४ दिवस सगळं बंद. फिजिओथेरपिस्टनी सांगितलं की गुडघ्यात मोठा बिघाड नाही, मांडीच्या आणि कुल्ल्याच्या स्नायूंत दम नाही म्हणून वाटीवर ताण येतोय. उड्या बंद, त्याऐवजी पायरीवरून एक पाय सावकाश खाली टेकवायचा, भिंतीला पाठ लावून अर्धं बसायचं, आडवं पडून कंबर उचलायची. हे तीन आठवडे इतके कंटाळवाणे होते की त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. पण उरलेला प्रोग्राम पूर्ण झाला तो त्यांच्या जिवावर.

परत सुरू केला तेव्हा माझे नियम केले. सहाऐवजी चार दिवस. तीन मिनिटांच्या फेरीत ४० सेकंद करायचं, २० सेकंद थांबायचं. उडीच्या जागी शक्य तिथे नुसतं पाऊल टाकायचं. व्हिडिओतला माणूस ओरडत राहतो, त्याचा आवाज बंद. असं करत गेलं की ६० दिवस म्हणजे ६० वेळा असा अर्थ होतो आणि सात महिने लागतात. दोन वेळा आजारपण, एकदा पुण्याच्या ऑर्डरची धावपळ, मार्चअखेर, आणि मेमध्ये लग्नं. ते धरूनही नुकसान काही झालं नाही.

वडील माझं सगळं खाटेवरून बघायचे. ते तरुणपणी तालमीत होते. १९५९ चे पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे यांना त्यांनी लहानपणी जवळून पाहिलेलं, ते अजून सांगतात. व्हिडिओत खाली बसून, पाय मागे फेकून, जोर मारून वर उडी मारतात तो प्रकार बघून ते म्हणाले, "ह्ये तर तालमीतलं सपाटं की रं. ह्येला पैसं दिलास?" आता यावर 'आपल्याकडे सगळं आधीच होतं' असली कौतुकं मी करणार नाही. हजार-हजार बैठका मारलेले माझे वडील आज जिना एकेक पायरी मोजत उतरतात आणि त्यांचे गुडघे माझ्यापेक्षा वाईट आहेत. पण त्यांच्या एका वाक्याने माझा आहाराचा गोंधळ सुटला. ते म्हणाले, "मेहनत असंल तसा खुराक. तुमी मेहनत सोडलासा आणि खुराक तेवढा धरून बसलाईसा."

कोल्हापूरचं याहून अचूक वर्णन मी ऐकलेलं नाही. शाहू महाराजांनी १९१२ साली खासबाग मैदान बांधून घेतलं, पेठेपेठेत तालमी उभ्या राहिल्या, आणि त्याबरोबर पैलवानाचा खुराक गावाच्या जिभेवर बसला. दूध कट्ट्यावर समोर पिळलेलं म्हशीचं दूध, बदाम, तूप, बुधवारी आणि रविवारी मटण. पैलवान पहाटे चारला उठून ते जिरवायचा. मी ते खाऊन कॉम्प्युटरवर हिशोबाचं टॅली उघडतो. म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के स्निग्धांश असतो, कट्ट्यावरच्या पाव लिटरच्या पेल्यात अडीचशेच्या वर कॅलरी येतात. संध्याकाळचा एक पेला मी २० वर्षं 'काही खाल्लं नाही, नुसतं दूध घेतलं' या खात्यात टाकत होतो.

पुस्तिकेतला आहार इथे चालत नाही. ॲव्होकॅडो, सॅमन, टर्की, किन्वा. पहिल्या आठवड्यात हौसेने दोन ॲव्होकॅडो आणले, एक कच्चं निघालं आणि एक सडकं. पण खरी चूक त्यातल्या गणितात होती आणि ती कुणाच्याही लक्षात येणार नाही म्हणून सविस्तर सांगतो. शरीर नुसतं पडून राहिलं तरी किती कॅलरी जाळतं याचं १९९० चं एक सूत्र सर्रास वापरतात, मिफ्लिन–सेंट जिऑर. पुरुषांसाठी वजन गुणिले १०, अधिक उंची गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५, अधिक ५. बायकांना शेवटच्या ५ ऐवजी वजा १६१. वजन ८६ धरून माझं उत्तर सुमारे १७२४ आलं. याला हालचालीच्या आकड्याने गुणायचं. पुस्तिका म्हणते की तुम्ही हा प्रोग्राम करताय म्हणजे तुम्ही 'अतिशय सक्रिय', १.७२५ ने गुणा. झाले २९७४. त्यातून ५०० वजा, म्हणजे रोज २४७४ खा. मी प्रामाणिकपणे खाल्लं. पहिल्या आठवड्यात दीड किलो उतरलं, पेढे वाटायचेच बाकी होते. ते बहुतेक पाणी होतं, कारण साठवलेल्या साखरेच्या, म्हणजे ग्लायकोजेनच्या, दर ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी शरीर धरून ठेवतं आणि साखर-भात कमी केला की ते निघून जातं. त्यानंतर महिनाभर काटा हलेना.

हलणार कसा? दिवसातून पाऊण तास नाचून उरलेले पंधरा तास खुर्चीत बसणारा माणूस अतिशय सक्रिय नसतो. १.३७५ धरलं तर २३७० येतात, त्यातून ५०० गेले की १८७०. रोजचा ६०० चा फरक! शॉपमध्ये असा ड्रॉइंगचा घोटाळा झाला असता तर मी पोरांवर खेकसलो असतो.

मग घरात वजनकाटा आणला. दोन आठवडे सगळं मोजलं. एका भाकरीला ज्वारीचं पीठ ६० ग्रॅम, म्हणजे साधारण २०० कॅलरी. बायको म्हणाली, "अहो, आता भाकरीला मायक्रोमीटर लावा." आठवड्यानंतर तिचा विनोद संपला. "रोज तुमचं वेगळं करून करून मी दमलो," म्हणाली. (आमच्याकडे बायकाही दमलोच म्हणतात.) तिचं बरोबर होतं. चौघांच्या घरात एकाचं जेवण वेगळं शिजलं की तो प्रोग्राम महिन्यात मोडतो. त्या दिवसापासून वेगळं काही नाही, एकच स्वयंपाक, फक्त माझ्या ताटात प्रमाण वेगळं.

मोजण्यातून जे बाहेर आलं त्यात मटण गुन्हेगार नव्हतं. गुन्हेगार तेल आणि चहा. घरात महिन्याला पाच लिटर तेल लागायचं, माणशी रोज ३८ ग्रॅम, म्हणजे ३४० कॅलरी, आणि त्यात बाहेरच्या मिसळीचा कट धरलेला नाही. शॉपवर आठ कप अर्धा चहा, म्हशीचं दूध आणि साखर मिळून कपाला निदान ६०, झाले ४८०. तेलाची किटली काढून टाकली, फोडणीला चमचा ठरवला, महिन्याला तीन लिटरवर आलो. चहा तीन कप. दूध कट्टा आठवड्यातून एकदा. तांबडा रस्सा आठवड्यातून एकदा चालूच आहे, वरचा तवंग बाजूला सारून दोन वाट्या. पांढरा एक वाटी, त्यात नारळाचं दूध आणि काजू असतात हे विसरून चालत नाही.

प्रथिनांचं मात्र आमचं गणित उलट निघालं. रोज मटण-चिकन खाणारं गाव म्हणून आपण मिरवतो, पण माझ्या ताटात दिवसाला ५० ग्रॅमही जात नव्हती. साध्या माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम पाहिजे, म्हणजे मला ७१, आणि व्यायाम करणाऱ्याला त्याहून जास्त. आता सकाळी चार अंडी (२४-२५ ग्रॅम), एका जेवणात ५० ग्रॅम सोया वडी (२५ च्या पुढे), मटकी किंवा हरभऱ्याची उसळ, दही, मूठभर शेंगदाणे. सोया वडी मटणाच्या मसाल्यात घातली तर माझी मुलगी खाते, नुसती उकडून दिली तर कुणीच खात नाही. पावडरचा डबा घेतला नाही.

सगळ्यात कठीण काळ डिसेंबर-जानेवारीचा गेला. मित्राचं गुऱ्हाळ आहे, रात्री गरम काकवी आणि भाजलेल्या शेंगा. तिथे मी हिशोब केला नाही आणि पुढच्या वर्षीही करणार नाही.

घ्यावा का? वजन ९५-१०० च्या पुढे असेल, गुडघा किंवा कंबर आधीच बोलत असेल, बीपीच्या गोळ्या चालू असतील तर हा प्रोग्राम आत्ता नको. सहा महिने रंकाळा तलावाला चक्कर मारा, मग बघा. बारीक अंगाच्या, खेळणाऱ्या पोरांना आहे तसा चालेल. माझ्यासारख्यांनी घेतला तर ६० हा आकडा फक्त मोजायला ठेवावा. फिट टेस्ट मात्र उत्तम कल्पना आहे, वजन अडलेलं असतानाही तिथले आकडे वाढत होते म्हणून मी टिकलो. खाली बसून जोर मारून उठायची ती उडी पहिल्या दिवशी मिनिटाला ११ झाली होती, शेवटच्या टेस्टला २४.

आता आठवड्यातून तीन दिवस करतो. गेल्या रविवारी पुन्हा टेस्ट घेतली, २३ झाल्या. वडिलांनी खाटेवरून विचारलं, "एक कुठं गेली?" आदल्या दिवशी मावशीच्या गावात म्हाई होती, म्हणजे गावदेवीची जत्रा आणि मटणाचं जेवण.