बोस्प्रिट: अख्खं लाकूड की चिकटवलेल्या पट्ट्या?
छोट्या शिडाच्या बोटीला घरीच बोस्प्रिट (बोटीच्या पुढच्या टोकातून बाहेर काढलेला दांडा) करायचा तर अख्ख्या लाकडाचा दांडा सोपा वाटतो, रंधा मारला की झालं, पण मधला गाभा आत राहिला तर वाळताना लांब चिरा पडतात आणि त्यात पाणी बसून लाकूड आतून कुजतं, बाहेरून पत्ताच लागत नाही. मला तरी डग्लस फर या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाच्या पट्ट्या इपॉक्सी गोंदाने चिकटवलेल्या कधीही बऱ्या. गाठी आधीच कापून टाकता येतात, दांडा पिळवटत नाही, फक्त क्लॅम्प भरपूर लागतात आणि ते फार आवळायचे नाहीत, नाहीतर इपॉक्सी सगळं बाहेर येतं. सागाच्या पट्ट्या असतील तर आधी अ‍ॅसिटोनने पुसा, साग तेलकट असतो. बॉबस्टे (बोस्प्रिटच्या टोकापासून खाली बोटीच्या पुढच्या कडेला बांधलेली तार किंवा साखळी) मात्र दोन्हीला हवाच, फोरस्टे (डोलकाठीला पुढून धरणारी तार) बोस्प्रिटला वर ओढतो तो ताण तोच घेतो.