मांजराचे सेल (पेशी) फ्रीज करून ठेवायची सर्व्हिस घेतली, माझा अनुभव (5 पैकी 3)

आधीच सांगते, क्लोन (म्हणजे त्याच सेलपासून तशीच दुसरी मांजर) केलेलं नाहीये, फक्त सेल जपून ठेवायचं पॅकेज घेतलंय. आमची कबरी किडनीच्या दुखण्याने गेली, 14 वर्षांची होती. आम्ही डॅलसला राहतो आणि इथे टेक्सासातच अशी कंपनी आहे, नाव नाही घेत.

सर्व्हिस म्हणाल तर चांगली आहे. किट घरी येतं, आपल्या व्हेटने कातडीचे बारीक तुकडे काढून द्यायचे, लॅबवाले त्यातून सेल वाढवतात आणि लिक्विड नायट्रोजनमध्ये ठेवतात. मला 1,600 डॉलर पडले, वर दरवर्षी 150. मांजर गेल्यावरही चालतं पण चार-पाच दिवसांच्या आतच, आणि तोवर बॉडी फ्रिजमध्ये ठेवायची, फ्रीझरमध्ये अजिबात नाही, बर्फाने सेल फुटतात. हे रात्री अकराला फोन उचलून त्या मुलीने इतकं शांतपणे समजावलं ना, त्यासाठीच दोन स्टार. मग काय, ओल्या टॉवेलात गुंडाळून खालच्या कप्प्यात ठेवली, आणि नवरा सकाळी चहाला दूध काढायला गेला... असो.

कटकट सुरू झाली ती पुढे सेल्सवाल्याचा फोन आला तेव्हा. क्लोनचे 50,000 डॉलर. मी विचारलं दिसायला सेम असेल ना, तर म्हणे जुळ्या बहिणीसारखी. अहो पण माझी मांजर कबरी आहे, काळं, केशरी, पांढरं, असं दोनदा सांगितलं तरी तेच. तेव्हा खरं वाटलं, नंतर वाचत बसले तर कळलं की जगातली पहिली क्लोन मांजर, सीसी, इथेच टेक्सास ए अँड एम युनिव्हर्सिटीत 22 डिसेंबर 2001 ला जन्मली, 87 भ्रूण दुसऱ्या मांजरींच्या पोटात सोडले त्यातून ही एकच, आणि तिची मूळ मांजर रेनबो अशीच तिरंगी होती, तर सीसीत केशरी रंगच नाही! कारण मांजरीत काळा-केशरी ठरवणारा जीन एक्स क्रोमोसोमवर असतो, मादीकडे दोन एक्स, कबरीत एकावर काळा, दुसऱ्यावर केशरी, आणि पोटात असतानाच प्रत्येक सेल त्यातला एक बंद करून टाकतो, म्हणून ते ठिगळ-ठिगळ दिसतं. क्लोन होते एकाच सेलपासून, त्यात जो एक्स आधीच बंद होता तो सीसीत बंदच राहिला. म्हणजे 50,000 मोजून माझी कबरी बहुतेक कबरीच नसणार, मग तिला हाक काय मारू? हे त्यांना माहीत नसेल असं होऊच शकत नाही, एक स्टार तिथेच गेला.

दुसरा स्टार गेला सरोगेट मांजरींमुळे, म्हणजे ज्यांच्या पोटात क्लोन वाढवतात त्या. एका पिल्लासाठी किती मांजरींत भ्रूण सोडता, किती टिकतात, पिल्लू झाल्यावर त्या मांजरींचं काय करता, तीनदा विचारलं, उत्तर गोडगोड पण आकडा एक नाही. त्या कोणाच्या लाडक्या नाहीत म्हणून चालतं का? आणि घरापासून दहा मिनिटांवर शेल्टर आहे, तिथे पिंजरे भरलेत.

आईला सांगलीला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "अगं एवढ्या पैशात गावाकडं घर होईल." बाबा मागून म्हणाले, कर्नालला म्हशीचं करतात ते समजतं, दूध तरी देते. बाबांचं बरोबर आहे, तिथल्या एनडीआरआयमध्ये (राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्था) 2009 लाच क्लोन रेडकू झालंय.

सीसीचं म्हणाल तर छान जगली हं, 18 वर्षं, पिल्लंही झाली, तेव्हा क्लोन म्हणजे रोगट असंच काही नाही. पण ती सीसी होती, रेनबो नव्हती.

घ्यायचीच असेल तर सेल ठेवण्यापर्यंत ठीक, पुढच्या फोनला रंगाचं आणि सरोगेटचं लेखी मागा. माझं 150 चं बिल मार्चमध्ये येईल, नवरा म्हणतो बंद कर, मी भरीन बहुतेक.