कॅनन आरएफ ५० मिमी एफ/१.८: हलकेपणाची किंमत

लोकलच्या गर्दीत कॅमेरा सांभाळणाऱ्या नवशिक्या मुंबईकराला सुमारे १६० ग्रॅमची ही लेन्स मी निःसंकोच सुचवेन. याच मालिकेतील एफ/१.२ लेन्स (एफचा आकडा जितका लहान, तितके प्रकाश आत घेणारे छिद्र मोठे) ९५० ग्रॅमची आहे, कारण छिद्र मोठे केले की कडेकडून आलेले किरण मध्यातील किरणांशी एका बिंदूत जुळत नाहीत आणि तो दोष आवरण्यासाठी तिथे ६ ऐवजी १५ भिंगे बसवावी लागली आहेत. साहजिकच किंमतही वाढते. इथे एफ/१.८ वर कोपऱ्यांतील थोडा मऊपणा, म्हणजे अस्पष्टपणा, स्वीकारावा लागतो (व्यक्तिचित्रात कोपरे पाहतो कोण?). एफ/४ वर तो ओसरतो, परंतु मरीन ड्राइव्हवरील संधिप्रकाशात शटर सुमारे पाचपट वेळ उघडे ठेवावे लागते. पाणीरोधक सील नसल्याने पावसाळ्यात मात्र ती पिशवीतच बरी.