एसपीडी बसवून नऊ महिने झाले: सोलापुरातल्या आमच्या घराचा अनुभव

गेल्या वर्षी वळवाच्या एका रात्रीत आमच्या फ्रिजचं कार्ड, टीव्ही आणि राउटर तिन्ही गेले. फ्रिजला स्टॅबिलायझर होता, टीव्ही स्पाइक बोर्डावर होता. स्टॅबिलायझर कमी-जास्त होणारं व्होल्टेज सांभाळतो. आभाळातली वीज जवळ पडली की तारेतून येणारा झटका मायक्रोसेकंदांत येऊन जातो, तोवर स्टॅबिलायझरचा रिले, म्हणजे आतला स्विच, हलतसुद्धा नाही.

म्हणून या जानेवारीत, गड्ड्याची जत्रा चालू असतानाच, मेन बोर्डात एसपीडी (सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस, म्हणजे असा झटका अर्थिंगकडे वळवणारं यंत्र) बसवून घेतलं. त्यातलं टाइप १ मुख्यतः छतावर वीजरोधक असलेल्या इमारतींसाठी. आमच्या साध्या स्लॅबच्या घराला टाइप २ पुरे. दुकानदार किलोअँपिअरचा, म्हणजे किती मोठा झटका झेलतं त्याचा, मोठा आकडा दाखवत होता. मी मात्र 'यूपी' पाहिला, म्हणजे झटका आल्यावर पुढे किती व्होल्ट जाऊ देतो तो आकडा. तो जितका कमी तितकं बरं, माझा १.५ किलोव्होल्टचा आहे. आणि 'यूसी', म्हणजे ते कायम सोसू शकतं ते जास्तीत जास्त व्होल्टेज, २७५ऐवजी ३२०चा घेतला, कारण आमच्या पूर्व भागात रात्री यंत्रमाग थांबले की व्होल्टेज २५५पर्यंत चढतं.

खरी मेहनत पुढेच होती. वायरमनने डबी बसवली आणि मीटरभर तार गुंडाळी करून जुन्या अर्थिंगला जोडली. मी ती काढायला लावली. झटका मोठा असेल तर मीटरभर तारेमुळेच हजारभर व्होल्टची भर पडते, मग दीड किलोव्होल्टचं यंत्र घेऊन काय मिळवलं? फेजपासून एसपीडी आणि तिथून अर्थ बारपर्यंत (अर्थिंगच्या तारा जोडतात ती पट्टी) मिळून तार अर्ध्या मीटरच्या आत हवी. अर्थिंगचा खड्डाही नवा घेतला. आमच्याकडे हातभर खाली मुरूम लागतो आणि उन्हाळ्यात तो पार कोरडा पडतो. अर्थिंगचा विरोध मोजला (तोही जितका कमी तितका बरा), तेव्हा जुनं १४ ओहम दाखवत होतं, नवं ३च्या आत आलं. मार्चपासून आई तुळशीला पाणी घालते तेव्हा एक बादली त्या खड्ड्यातही ओतते.

मे महिन्यात मागच्या गल्लीत वीज पडली. शेजारच्यांचा सेट-टॉप बॉक्स गेला. आमचा फ्रिज, टीव्ही, इन्व्हर्टर सगळं शाबूत. पण गच्चीवरचा कॅमेरा आणि त्याचा रेकॉर्डर दोन्ही गेले! कॅमेऱ्याची केबल गच्चीवरून थेट घरात येते, मेन बोर्डाशी तिचा संबंधच नाही. हे आधी सुचायला हवं होतं. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक तांब्याच्या तारेला वेगळा प्रोटेक्टर लागतो.

ऑगस्टमध्ये निराळंच घडलं. खांबावरचा न्यूट्रल सुटला आणि स्वयंपाकघरातला बल्ब डोळे दिपतील असा पांढरा पेटला. आईने ओरडून मेन स्विच पाडायला लावला. एसपीडी इथे वाचवत नाही. न्यूट्रल तुटला की घरात ४०० व्होल्टपर्यंत येऊ शकतात आणि ते क्षणभर नाही, टिकून राहतात. अशा वेळी एसपीडी स्वतःच तापून जाऊ शकतं. म्हणून त्याच्या आधी एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच, हवाच. त्या आठवड्यातच मी ओव्हर-अंडर व्होल्टेज रिले, म्हणजे व्होल्टेज फार चढलं किंवा उतरलं की घराचा पुरवठा तोडणारा स्विच, वेगळा बसवून घेतला.

सप्टेंबरात एसपीडीवरच्या छोट्या खिडकीतली हिरवी खूण लाल झाली, म्हणजे ते निकामी झालं. आतली काडतुसासारखी पट्टी ओढून काढली, नवी दाबून बसवली. वायरमनला बोलवावं लागलं नाही, फक्त मेन बंद केला. तेव्हापासून ढगांचा गडगडाट थांबला की मी बॅटरी घेऊन आधी ती खिडकी बघतो. कॅमेऱ्याच्या केबलचा प्रोटेक्टर मात्र अजून बसायचा आहे, तो परतीच्या पावसाआधी बसवतोय.