पहिल्या गाण्याचा व्हिडिओ: चेहरा, गोष्ट की शब्द?

गाणं रेकॉर्ड झालंय, मिक्सिंगही झालंय आणि उरलेल्या पैशांत व्हिडिओ करायचाय. आता स्वतः गाताना दिसायचं, एखादी गोष्ट रचायची, की नुसते शब्द पडद्यावर आणायचे? तिन्ही वाटांवरून आधी पुष्कळ जण गेलेत. त्यांचं काय झालं ते पाहून ठरवणं सोपं जातं.

माझं मत आधीच सांगतो. गाण्याच्या शब्दांत गोष्ट असेल, तर तीच पुन्हा चित्रित करू नका. क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचं 'बोहेमियन ऱ्हाप्सडी' आठवून पाहा. आपल्या हातून खून झाल्याचं एक मुलगा आईला सांगतोय, असे त्याचे शब्द आहेत. 1975च्या व्हिडिओत मात्र ना खून आहे, ना आई. अंधारात चार चेहरे, त्यांच्यावर पडलेला प्रकाश आणि मंचावर वाजवणारा बँड, एवढंच. 'टॉप ऑफ द पॉप्स' या ब्रिटिश टीव्ही कार्यक्रमाच्या मंचावर या गाण्यावर ओठ हलवत उभं राहायला नको, म्हणून दिग्दर्शक ब्रूस गॉवर्स यांनी एल्स्ट्री स्टुडिओत साधारण चार तासांत तो टिपला. गोष्ट ऐकणाऱ्याच्या डोक्यात घडते, पडदा फक्त सांगणाऱ्याला समोर आणतो.

चेहऱ्याची वाट स्वस्त आहे, पण सोपी नाही. आयरिश गायिका शिनेड ओकॉनरच्या 1990च्या 'नथिंग कम्पेअर्स टू यू'मध्ये पॅरिसच्या बागेत फिरतानाची दृश्यंही आहेत, पण लक्षात राहतो तो काळ्या पार्श्वभूमीवरचा चेहरा आणि गालावर ओघळलेला अश्रू. तुमच्या गायकाला कॅमेऱ्याकडे पाहून तीन मिनिटं गाणं निभावता येतं का? फोनवर एकदा टिपून पाहा, उत्तर लगेच मिळेल.

गोष्टीचा व्हिडिओ सगळ्यांनाच खुणावतो. मायकल जॅक्सनचं 'थ्रिलर' पाहिलेला प्रत्येक जण कधी ना कधी तसं काही करायचं स्वप्न पाहतो. तिथे शब्दही भयाचे आणि गोष्टही भयाचीच, म्हणजे माझ्या नियमाला अपवाद. पण 1983 साली आलेला, दिग्दर्शक जॉन लँडिसचा तो व्हिडिओ जवळपास 14 मिनिटांचा लघुपटच होता आणि खर्च उभा करण्यासाठी त्याच्या चित्रीकरणावरच्या माहितीपटाचे हक्क वाहिन्यांना विकले गेले होते. तेवढं बळ पाठीशी नसताना गोष्ट घेतली, की नट, कपडे, जागा, खाणंपिणं यांतच पैसे संपतात आणि गाणं मागे पडतं.

तरी गोष्टीची ताकद नाकारता येत नाही. आ-हा या नॉर्वेच्या बँडच्या 'टेक ऑन मी'चा 1984चा पहिला व्हिडिओ साधा होता, बँड गातोय एवढाच, आणि नॉर्वेबाहेर ते गाणं फारसं चाललं नाही. पुढच्या वर्षी ते नव्याने रेकॉर्ड झालं आणि स्टीव्ह बॅरनने दुसरा व्हिडिओ केला. कॅफेत बसलेली मुलगी आणि चित्रकथेच्या पानातून बाहेर येऊन तिच्याकडे आलेला हात! सुमारे 3,000 चौकटी हाताने रेखाटल्या गेल्या, त्याला 16 आठवडे लागले आणि गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं. यश केवळ व्हिडिओचं नव्हतं, ध्वनिमुद्रणही बदललं होतं. पण शब्दांत चित्रकथेचा मागमूसही नाही, हे लक्षात घ्या. शब्द मोकळे होते म्हणून गोष्टीला जागा मिळाली.

शब्दांची वाट नवी वाटते, पण बॉब डिलनने 1965मध्येच लंडनच्या सव्हॉय हॉटेलमागच्या गल्लीत उभं राहून 'सबटेरेनियन होमसिक ब्लूज' या गाण्यातल्या शब्दांचे फलक एकेक करून खाली टाकले होते. कॅमेरा माहितीपटकार डी. ए. पेनेबेकरचा होता. शब्दांची सरबत्ती असलेल्या गाण्याला हा प्रकार शोभतो. रॅप, पोवाड्याच्या अंगाची रचना किंवा कविता असेल, तर मी हाच निवडेन. ज्याचं धृपदच आठ वेळा येतं, त्याला मात्र तो कंटाळवाणा होतो.

पैसे थोडे आणि चेहऱ्यावर पूर्ण भरवसा नाही, अशांनी दलेर मेहंदींचं 1998चं 'तुनक तुनक तुन' पाहावं. नाचणाऱ्या सुंदर मुलींमुळे यांची गाणी चालतात, अशी टीका झाल्यावर त्यांनी मुलीच काढून टाकल्या आणि निळ्या पडद्यासमोर टिपलेली दृश्यं एकत्र जोडण्याच्या तंत्राने वेगवेगळ्या वेशांतले चार दलेर एकत्र नाचवले. किंवा ओके गो या अमेरिकी बँडचा 2006चा 'हिअर इट गोज अगेन'चा व्हिडिओ पाहा. चार माणसं, आठ ट्रेडमिल, एकच अखंड शॉट. तो 17व्या प्रयत्नात जमला. इथे खर्ची पडते ती तालीम, आणि नव्या बँडकडे तीच भरपूर असते.

शब्दांचा व्हिडिओ ठरवलात, तर पैसे देण्याआधी एडिटरकडून 'प्रार्थना', 'ज्ञान', 'कृष्ण', 'दृष्टी', 'स्थिती' हे शब्द पडद्यावर मांडून घ्या. काही सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी जोडाक्षरं फुटतात, वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते. फुटली, तर दुसरं सॉफ्टवेअर वापरायला सांगा किंवा डिलनसारखे फलक हातानेच रंगवा.